चिकन-मटण बंद करून प्रथिनांसाठी मुख्यतः मासेच खाल्ले तर चालेल का?

सागरगोटा२१

नमस्कार मंडळी. घरात चिकन-मटण बंद करायचं ठरलंय. डाळ, दूध, दही नेहमीसारखं चालू राहील, अंडी कधीतरी. बाकी प्रथिनं आठवड्यातून पाच-सहा दिवस माशांतून घ्यायचा विचार आहे. ठाण्यात राहतो, ताजा मासा रोज मिळतो.

खाणारे असे: मी (६५ किलो), बायको (५८ किलो), नऊ वर्षांची मुलगी, आणि सासरे, ज्यांचं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असतं. वहिनीला पाचवा महिना आहे, ती महिनाभर आमच्याकडे येणार आहे. घरात सुरमई आणि पापलेट सगळ्यांत जास्त आवडतं, त्याखालोखाल बांगडा आणि कोळंबी. बोंबील म्हणजे तळलेलेच.

विचारायचं हे की इतक्या वेळा मासे खाणं तब्येतीला ठीक आहे का? माणशी किती घ्यायचे? पाऱ्याचं जे ऐकतो त्यात तथ्य किती? ‘चांगलं असतं, खा’ एवढ्यावर भागणार नाही, आकडे असतील तर फार बरं होईल.

---

पानातलं_गणित

ठीक आहे, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरेच कमी मासे लागतील. आधी प्रथिनांचा हिशोब मांडू.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुम्हाला ५४ ग्रॅम, पत्नीला ४८. आता माशाशिवाय ताटात काय आहे ते बघा. चार मध्यम चपात्यांतून १२-१३ ग्रॅम, वाटीभर भातातून ३-४, वाटीभर तुरीच्या वरणातून ६ (डाळ सुमारे ३० ग्रॅम धरून), कपभर दुधातून ६, वाटीभर दह्यातून ३-४. झाले तीस-बत्तीस. उरले वीस-पंचवीस.

बांगडा, सुरमई, कोळंबी, तारली यांच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात, पापलेटमध्ये १७ च्या आसपास. म्हणजे माणशी दिवसाला १२० ते १३० ग्रॅम निव्वळ मांस पुरतं. हे काटे, डोकं, आतडी सोडून. बाजारातलं वजन वेगळं असतं आणि चूक बहुतेक तिथेच होते. बांगड्याचं साधारण अर्धं वजन खाण्यालायक निघतं, त्यामुळे किलोला सात-आठ बसणारे बांगडे असतील तर माणशी दोन. कोळंबी सोलून अर्ध्याच्या आसपास राहते. तिसऱ्यांचं तर किलोभर शिंपल्यांतून जेमतेम वाटीभर मांस हाती लागतं, त्यावर प्रथिनांचा दिवस काढता येत नाही.

बोंबलाचं गणित निराळं आहे. ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं आणि १०० ग्रॅममागे प्रथिनं १० च्या आसपास. चार तळलेले बोंबील खाऊन मासे खाल्ल्याचं समाधान मिळेल, प्रथिनं मात्र निम्मीच मिळतील. तोच बोंबील वाळला की प्रथिनं साठ टक्क्यांच्या घरात जातात, कारण पाणी उडून गेलेलं असतं.

माशातून जे फारसं मिळत नाही तेही सांगतो. तंतू अजिबात नाहीत, तेव्हा भाजी-कोशिंबीर कमी करू नका. लोह कमी. पांढऱ्या मांसाच्या माशात १०० ग्रॅमला मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आयसीएमआरप्रमाणे स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. मटण बंद होतंय, त्यामुळे पत्नीचं हिमोग्लोबिन सहा महिन्यांनी एकदा बघून घ्या. माशाबरोबर पालेभाजी खाल्ली की भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. बी-१२ ची काळजी सोडा, बांगड्या-तारलीतून ते भरपूर मिळतं.

---

दर्यावरचा

पाऱ्यात पूर्ण तथ्य आहे, पण ते सगळ्या माशांना सारखं लागू नाही.

पारा पाण्यात जातो, तिथले जिवाणू त्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, ते प्लवकात (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) शिरतं, प्लवक खाणाऱ्या छोट्या माशात, छोटा मासा खाणाऱ्या मोठ्यात, असं साठत जातं. म्हणून जो मासा दुसरे मासे खातो, आकाराने मोठा असतो आणि बरीच वर्षं जगतो, त्यात पारा जास्त. मोरी-मुशी (शार्क), तलवार मासा, मोठा कुपा (ट्यूना), भली मोठी सुरमई ही वरची मंडळी. तारली, बांगडा, मांदेली, कोळंबी, बोय, पापलेट खालच्या बाजूला. पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे धुऊन, मीठ लावून, चिंचेत घालून किंवा उकळून तो जात नाही. चरबी काढल्यानेही नाही.

आता आकडे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा आहे आठवड्याला वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथिल पारा. साठ किलोच्या माणसाला ९६. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची याहून कडक आहे, दिवसाला किलोमागे ०.१, म्हणजे साठ किलोला आठवड्याचे ४२.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तक्त्यात ग्रॅममागे सरासरी पारा असा आहे: तारलीच्या कुळातले मासे ०.०१३ मायक्रोग्रॅम, कोळंबी ०.००९, तिलापिया ०.०१३, अटलांटिकमधला बांगडा ०.०५. आणि शार्क ०.९८, सुरमईची तिकडची चुलत बहीण किंग मॅकरल ०.७३. हे तिकडच्या समुद्राचे आकडे आहेत, अरबी समुद्रातले तंतोतंत तेच नसतील. पण कोण वर आणि कोण खाली हा क्रम इथेही तोच, कारण खाण्याची साखळी तीच आहे.

बांगड्याला ०.०५ धरून आठवड्याचे सहा दिवस रोज १२० ग्रॅम खाल्ले तर ७२० ग्रॅमचे ३६ मायक्रोग्रॅम होतात. कडक मर्यादेच्याही आत. उलट ०.९८ च्या मोरीची १०० ग्रॅमची एक वाटी सुकं खाल्लं की आठवड्याचा ९६ चा सगळा कोटा एका जेवणात संपला.

सुरमई बंद करा असं मी म्हणणार नाही, पण रोजची नको. प्रौढांनी आठवड्यातून एकदा, आणि घेताना एक-दीड किलोची अख्खी छोटी सुरमई घ्या. बाजारात आठ-दहा किलोच्या सुरमईची ताटाएवढी कापं मांडलेली असतात, दिसायला देखणी, भावही चढा. पाऱ्याच्या दृष्टीने मात्र तीच टाळायची. मधला काटा जेवढा जाड तेवढा मासा जुना, ही खूण लक्षात ठेवा.

---

कोयती_आणि_पाट

दोघांनीही चांगलं लिहिलंय. पण रोज मासे खाणाऱ्या घराला पाऱ्याआधी भेटतो तो बर्फाचा प्रश्न.

बांगडा, तारली, कुपा, गेदर आणि काही प्रमाणात सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर तो उबेत राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, गोठवूनही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, जुलाब लागतात. लोक म्हणतात मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे. पुष्कळदा अ‍ॅलर्जी नसतेच, तो बांगडा दुपारभर उन्हात पाटीत पडलेला असतो. फसवं असं की अशा माशाला वास येईलच असं नाही. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो घास तिथेच टाका आणि उरलेला रस्साही ओतून द्या. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

म्हणून घेताना असं बघा. बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचला. आत ओला, तांबडाभडक रंग हवा, विटकरी-तपकिरी किंवा चिकट बुळबुळीत नको. पोटावर बोट दाबा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पोट मऊ पडून फाटलेलं असेल, तर आतली आतडी कुजायला लागली आहेत. मासा आडवा हातात धरला की शेपटी ताठ राहिली पाहिजे, खाली लोंबली तर सोडून द्या. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबलं की पांढरट स्राव येतो, लाल-काळपट पाणी आलं तर मासा शिळा. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा धडापासून सुटत असेल तर नको. तिसऱ्यांची तोंडं मिटलेली हवीत. उघडी असलेली टिचकी मारून मिटत नसेल तर ती मेलेली.

घरी आणल्यावर अर्ध्या तासात साफ करा. बांगड्याचे कल्ले मुळापासून उपटायचे, पोट चिरून आतडी काढायची आणि आत पाठीच्या काट्याला लागून काळसर रक्ताची रेघ असते ती अंगठ्याच्या नखाने खरवडून वाहत्या पाण्याखाली धुवायची. ती रेघ ठेवली की मासा फ्रीजमध्येही लवकर उतरतो आणि रश्शाला उग्र वास येतो. मग पाणी पूर्ण निथळून झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या सगळ्यांत खालच्या मागच्या भागात. चार अंशांखाली एक दिवस, फार तर दोन. बाजार घरापासून लांब असेल तर थर्मोकोलचा डबा आणि माशाएवढाच बर्फ बरोबर घेऊन जा.

फॉर्मेलिनबद्दल (मासा टिकवायला चोरून मारतात ते रसायन) विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. २०१८ साली गोव्यात यावरून बाहेरचा मासा काही काळ बंद केला होता. नुसत्या नजरेने फॉर्मेलिन खात्रीने ओळखता येत नाही. ‘माशी बसत नाही म्हणजे औषध मारलंय’ यावर विसंबू नका. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तपासणीची कागदी पट्टी बनवली आहे, शंका असेल तर तीच वापरावी. बोंबलात थोडं फॉर्माल्डिहाइड (फॉर्मेलिनमधलं मूळ रसायन) नैसर्गिकरीत्याच तयार होतं, त्यामुळे बोंबलावर पट्टीचा रंग बदलला म्हणून विकणाऱ्या बाईशी लगेच भांडायला जाऊ नका.

---

सागरगोटा२१

मनापासून आभार. ताटातलं गणित पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं.

अजून काही शंका. आमच्याकडे मासा म्हणजे रवा लावून तळलेला किंवा नारळाच्या वाटपातला. रोज असं केलं तर फायदा तेलातच बुडायचा का? आणि सुकी मासळी यात धरायची का? सासूबाई म्हणतात माशावर दूध प्यायलं तर कोड येतं, मुलगी रात्री दूध पिते.

---

तिरफळ

दुधाचं आधी. कोड येतं ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने, आणि बहुतेकदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटलेली असते. मासा आणि दूध एकत्र घेतल्याने ते होतं याला आधार नाही. आयुर्वेदात हा विरुद्ध आहार मानला आहे. घरात ते पाळत असतील तर मुलीला मासा दुपारी आणि दूध रात्री द्या, कोणाचं मन मोडायला नको.

तेलाचं म्हणाल तर हो, फरक पडतो. बांगडा-तारली खायची ती ओमेगा-३ या चांगल्या चरबीसाठी. कढईत बुडवून तळलं की माशाची काही चरबी तेलात उतरते, तळणीचं तेल माशात शिरतं, आणि रव्याचा थर ते धरून ठेवतो. तेच तेल गाळून उद्या परत वापरलं तर आणखी वाईट.

तवा वापरा. माशाला मीठ, हळद, लाल तिखट आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं. सुटलेलं पाणी झटकून तुकडे कोरडे करायचे. बिडाचा तवा चांगला तापवून मग तेल, चार तुकड्यांना दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली. रवा-तांदळाचं पीठ अगदी पातळ, तेही तव्यात टाकायच्या क्षणी. आधी लावून ठेवलं तर रवा पाणी पितो, गळून पडतो आणि जास्त तेल मागतो. एका बाजूला चार मिनिटं हात लावायचा नाही. मासा तव्याला चिकटतो तो तीन कारणांनी: तवा गार, मासा ओला, किंवा उलटायची घाई. खालची बाजू शिजून पापुद्रा धरला की तुकडा आपोआप सुटतो. एकदाच उलटायचा. या पद्धतीत माणशी तेल चमच्याच्या आत राहतं.

नारळ: वाटीभर ओल्या खवलेल्या खोबऱ्यात (८० ग्रॅम धरा) साधारण २६ ग्रॅम चरबी, त्यातली बहुतेक संपृक्त. चौघांत वाटली तर माणशी सहा-सात ग्रॅम. आठवड्यातून दोन-तीनदा काही बिघडत नाही. रोज नारळाचा रस्सा आणि वर तळलेली तुकडी, हे दोन्ही एका ताटात मात्र नको. उरलेल्या दिवशी बांगड्याचं तिखलं करा: मिरची, हळद, ठेचलेली तिरफळं, कोकम, मीठ आणि मासा बुडेल इतपतच पाणी. वरून चमचाभर कच्चं खोबरेल घातलं तर चव खुलते, नाही घातलं तरी चालतं. खोबरं लागत नाही, बारा-पंधरा मिनिटांत होतं, आणि माशातून सुटलेली चरबी त्या आटीव रसातच राहते, ती भाताबरोबर पोटात जाते. तेलकट माशांना याहून चांगला प्रकार मला तरी दिसत नाही. त्याखालोखाल केळीच्या पानात वाफवलेला किंवा नुसता भाजलेला.

सुकी मासळी दोन जातींची असते हे लक्षात घ्या. वलांडीवर (बांबू-दोरीच्या मांडवावर) वाळवलेले काड्या बोंबील, जवळा, सोडे बहुधा मिठाशिवाय वाळतात. खारा बांगडा, खारी सुरमई यांत मीठ ठासलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते. खाऱ्या बांगड्याच्या एका तुकड्यात त्यातला मोठा वाटा संपतो. रक्तदाबवाल्यांनी तो रोजच्या प्रथिनांत धरूच नये. बाकीच्यांनी कोमट पाण्यात अर्धा तास, पाणी दोनदा बदलून, आणि भाजीत वेगळं मीठ न घालता. खाऱ्या माशावर गुलाबी-लालसर डाग दिसले तर टाकून द्या, ते मिठात वाढणारे जिवाणू. काड्या बोंबील कडक हवेत, वाकवले की मोडले पाहिजेत. वाकले तर ओल आहे आणि बुरशी धरणार. जवळा भाजण्याआधी दोनदा चाळा, वाळू निघते.

---

पानातलं_गणित

सासरे आणि वहिनी राहिले होते.

युरिक अ‍ॅसिड: माशातल्या प्युरिनपासून ते तयार होतं. तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या आणि गाभोळी (माशाची अंडी) यांत प्युरिन जास्त. म्हणजे पाऱ्याच्या हिशोबात जे सगळ्यांत चांगले, तेच इथे अडचणीचे. त्यामुळे सासऱ्यांना घरातल्यांइतका मासा नको. आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी ७५ ते १०० ग्रॅम, शक्यतो पापलेट, रावस, छोटी सुरमई. त्यांची बाकीची प्रथिनं दूध, दही, अंडी यांतून काढा. यांत प्युरिन नगण्य असतं. प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणून त्यांनी रस्सा कमी आणि तुकडी खावी. सांधा सुजून लाल झाला असेल तर तेवढे दिवस मासा पूर्ण बंद. डॉक्टरांनी दिलेली गोळी आहारावर भरवसा ठेवून परस्पर थांबवू नका. मूत्रपिंडाचा त्रासही असेल तर प्रथिनांची मर्यादा त्यांच्याच डॉक्टरांकडून घ्या, वरचा ०.८३ चा हिशोब त्यांना लागू नाही.

वहिनी: मासा बंद करू नका, हे आधी सांगतो. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए (एक ओमेगा-३) माशातून थेट मिळतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला गरोदर स्त्रीला आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचा मासा असा आहे. म्हणजे शंभर ग्रॅमची तीन जेवणं. बांगडा, तारली, पापलेट, कोळंबी, रोहू यांतलं काहीही. मोरी, कुपा आणि सुरमई पूर्ण वगळा, छोटी असली तरी. तिसऱ्या, कालवं खाडीतली असतील तर नकोत. ही पाणी गाळून खाणारी जनावरं, सांडपाण्यातले जंतू आणि जड धातू त्यांच्यात साठतात. मासा आतपर्यंत शिजलेला हवा: काट्याजवळचं मांस अपारदर्शक पांढरं आणि चमच्याने पाकळ्या सुटणारं.

मुलगी: एका वेळी ६० ते ८५ ग्रॅम. सहा दिवस मासा आवश्यक नाही. तीन दिवस मासा, बाकी अंडं, डाळ, पनीर. वरचा पाऱ्याचा हिशोब वजनावर चालतो, त्यामुळे २५ किलोच्या मुलीला मोठ्या सुरमईची कापं मोठ्या माणसापेक्षा अडीचपट महाग पडतात. मांदेली तव्यावर कुरकुरीत करून काट्यासकट दिली तर कॅल्शियमही जातं.

सगळा मिळून ठोकताळा: आठवड्यात तीन दिवस बांगडा-तारली-मांदेली, एक-दोन दिवस कोळंबी किंवा पापलेट, एक दिवस तुमची सुरमई, आणि निदान एक दिवस मासाच नाही, उसळ-अंडं. ओमेगा-३ चं लक्ष्य दिवसाला २५० ते ५०० मिलिग्रॅम असतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा बांगडा-तारली झाली की ते भरतं, कॅप्सूल लागत नाही.

---

वैनगंगाकाठ

सगळी चर्चा खाऱ्या पाण्याची झाली, म्हणून आमच्या विदर्भाच्या बाजूनेही लिहितो. तलावातला रोहू, कटला, मरळ प्रथिनांसाठी अगदी चांगला. १०० ग्रॅमला १६ ते १९ ग्रॅम, पारा बहुधा कमी, किंमत सुरमईच्या मानाने किती तरी कमी. फरक ओमेगा-३ मध्ये पडतो. डीएचए-ईपीए बांगड्या-तारलीच्या मानाने बरंच कमी. प्रथिनांसाठी रोज रोहू खा, पण हृदयासाठी म्हणून खात असाल तर आठवड्यातून दोन वेळा समुद्राचा तेलकट मासा जोडा, गोठवलेला मिळाला तरी चालेल. जवसाची चटणी चांगली आहे, पण जवसातलं ओमेगा-३ शरीरात फार थोड्या प्रमाणात डीएचए बनतं.

हॉटेलातलं बासा फिले म्हणजे पंगस. वाईट काही नाही, प्रथिनं थोडी कमी, ओमेगा-३ जवळपास नाहीच. गोठवलेल्या फिलेवर बर्फाचा जाड थर असतो, वजन करताना तो सुटल्यावर करा. आणि विदेशी मांगूर कोणी स्वस्तात दिला तर घेऊ नका. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. हा मासा घाण पाण्यात कत्तलखान्याचा कचरा घालून वाढवल्याची प्रकरणं महाराष्ट्रातही उघड झाली आहेत. गावरान मांगूर वेगळा, तो लहान राहतो.

---

नुसतं_वरण

थोडा वेगळा सूर लावतो. मासे आरोग्याला चांगले, हे मान्य. अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मोठ्या पाहणीत (२०१३) मासे खाणाऱ्या, पण मांस न खाणाऱ्या गटाचा मृत्युदर मांसाहारींपेक्षा सुमारे १९ टक्के कमी दिसला. पण ती माणसं मांसाच्या जागी नुसता मासा खात नव्हती. भाज्या, डाळी, फळं, दाणे यांचं त्यांच्या ताटातलं प्रमाणही जास्त होतं. आपल्याकडे मटण बंद करून मासा सुरू होतो आणि त्याबरोबर भाताची वाढ दुप्पट होते, कारण रस्सा चांगला झालेला असतो. साखर किंवा वजनाचा प्रश्न असेल तर घोळ तिथे होतो. मासा पुरेसा घ्या, भात एक वाटी, आणि सोलकढीऐवजी आधी भाजी वाढा.

---

सागरगोटा२१

एवढं तपशीलवार कुठेच मिळालं नव्हतं, सगळं वहीत उतरवून ठेवतोय. शेवटचा प्रश्न: पावसाळ्यात काय करायचं? जून-जुलैत बोटी बंद. आधी आणून गोठवून ठेवला तर चालतो का, आणि किती दिवस?

---

कोयती_आणि_पाट

चालतो, पण कुठला गोठवायचा ते बघून. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ म्हणून. ही बंदी पाळली जाणं आपल्याच ताटाच्या हिताचं आहे. त्या दिवसांत चोरून आणलेला गाभोळीचा मासा घेऊ नका.

गोठवायला पापलेट, रावस, कोळंबी चांगली. उणे १८ अंशांवर ती चार महिने नीट राहते. बांगडा, तारली दोन महिन्यांच्या पुढे नको. त्यांची चरबी फ्रीजरमध्येही हवेने खवट होते, पोटाकडची बाजू पिवळी पडते, आणि ज्या ओमेगा-३ साठी ठेवला तेच आधी जातं. बोंबील गोठवूच नका, सुटल्यावर लगदा होतो.

पद्धत अशी: साफ करून, पूर्ण निथळून, मसाला-मीठ काही न लावता. मीठ लावलं तर चरबी लवकर खवटते. एका जेवणाला लागेल तेवढाच मासा एका पिशवीत, एका थरात चपटा, हवा दाबून काढलेली, वर तारीख. ढीग करून एकदम दोन किलो आत टाकले तर मधला मासा गोठायला रात्र जाते आणि तेवढ्यात खराब व्हायला लागतो. कोळंबी डबा भरून थंड पाण्यात बुडवून गोठवली तर बर्फाचं आवरण हवेपासून वाचवतं. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही. एकदा सुटलेला परत गोठवायचा नाही. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात वीज तीन-चार तासांच्या वर गेली तर फ्रीजर उघडू नका. भरलेला आणि मिटलेला फ्रीजर दीड-दोन दिवस थंडी धरतो, अर्धा रिकामा असेल तर दिवसभर.

बाकी त्या दोन महिन्यांत रोहू-कटला, हातजाळ्याची खाडीतली बोय मिळाली तर ती, काड्या बोंबील, सोडे, आणि अंडी-उसळी. श्रावण तुम्ही पाळत असाल तर तो महिना तसाही डाळींवर जाईल. मे महिन्यात सोडे-बोंबील घेताना दोन ऊन दाखवून, हवाबंद डब्यात भरून ठेवा. पावसात बाजारातला सुका मासा दमट झालेला असतो, तो घ्यायची वेळ आणू नका.